घराचा हक्क आणि सोसायटीची टाकी

आमच्या चळवळीने जमिनीच्या प्रश्नावर पुष्कळ लिहिले आहे. महारवतन, गायरान, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालचे १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह हे सारे आमच्या भाषणांत आणि लेखांत वारंवार येते, आणि ते यायलाच पाहिजे. पण शहरातल्या घराच्या मालकीवर आम्ही फारसे लिहिलेले नाही. कारण उघड आहे. ज्याला घरच नव्हते त्याने मालकीच्या कायद्याचा अभ्यास कशासाठी करावा? आम्ही चाळीतल्या खोलीचे पोटभाडेकरू होतो, झोपडपट्टीतले अतिक्रमणदार होतो किंवा नगरपालिकेच्या क्वार्टरमधले नोकर होतो. आता माझ्या पिढीतले मास्तर, कारकून, परिचारिका, बँकेतले शिपाई वीस-वीस वर्षांच्या कर्जावर दोन खोल्या घेऊ लागले आहेत. दारावर नावाची पाटी लागते. पाटीमागे एक संस्था असते, संस्थेमागे एक कायदा असतो, आणि कायद्यामागे एक इतिहास असतो. हा इतिहास आमचा नाही असे समजून चालणार नाही. आम्हाला बाहेर ठेवूनच त्याचा बराचसा भाग घडलेला आहे.

माझा बाप नगरपालिकेच्या सफाई खात्यात होता. आम्हाला क्वार्टर होते. दहा बाय बाराची खोली, बाहेर सामाईक नळ, सामाईक संडास. पण हे घर बापाचे नव्हते, त्याच्या हातातल्या झाडूचे होते. बाप निवृत्त झाला की खोली सोडायची. सोडायची नसेल तर घरातल्या कुणीतरी तोच झाडू हातात घ्यायचा. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. ही तरतूद कामगारांनी लढून टिकवली आणि तिने हजारो कुटुंबे उपाशी मरण्यापासून वाचली, हे मला मान्य आहे. पण तिची दुसरी बाजूही मी पाहिली. माझा थोरला भाऊ बारावी झाला होता. खोली राहावी म्हणून तो कामावर लागला, आणि खोली राहिली म्हणून मी एम. ए. झालो. आमच्या घरात घराचा हक्क या शब्दाला हा अर्थ आहे.

आता थोडे मागे जाऊ.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे आणि नव्या जागा वसवणे हे ट्रस्टचे काम. पाडल्या त्या अर्थातच गरिबांच्या वस्त्या. वसवले ते दादर-माटुंगा, आणि तिथे ट्रस्टने भूखंड भाडेपट्ट्याने दिले. तिथल्या वसाहतींची नावेच वाचावीत : हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी. शहर आधुनिक होत होते, गटारे नवी होत होती, आणि माणसे मात्र जातवार नि धर्मवार मांडली जात होती. मजुरांसाठी ट्रस्टने चाळी बांधल्या, आणि पुढे १९२० साली निघालेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड येथे बी. डी. डी. चाळी बांधल्या. खोली एकशे साठ चौरस फुटांची. बाबासाहेब अमेरिकेहून आणि लंडनहून पदव्या घेऊन आले तेही परळच्या ट्रस्टच्या चाळीतच राहिले. राजगृह झाले ते पुढे, १९३० नंतरच्या दशकात, आणि तेही हिंदू कॉलनी नावाच्या वसाहतीत. या योगायोगाकडे आमच्या चरित्रकारांनी जरा थांबून पाहायला हवे होते.

याच काळात गृहनिर्माण सहकाराचा जन्म झाला. १९०४ चा सहकारी कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या संस्थांना वाट करून दिली, आणि तीनच वर्षांनी, १९१५ साली, गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. रावबहादूर श्रीपाद तालमकी हे तिचे प्रवर्तक. देशातल्या पहिल्या गृहनिर्माण संस्थांत तिची गणना होते. सहकाराच्या पाठ्यपुस्तकांत हा प्रसंग गौरवाने सांगितला जातो आणि त्यात काही खोटे नाही. कारवारकडून आलेल्या मध्यमवर्गीय कारकुनांनी थोडे थोडे पैसे घालून स्वतःचे घर उभे केले, घरमालकाच्या मर्जीतून ते सुटले. पण पाठ्यपुस्तक दुसरी गोष्ट सांगत नाही. भारतातला गृहनिर्माण सहकार जन्मला तोच ज्ञातीच्या पोटी. एकमेकांवर विश्वास हा सहकाराचा पाया, आणि आपल्या समाजात विश्वास म्हणजे जात. सभासदांनी जात वगळून एकत्र यावे असे कुणाला सुचले नाही, आणि कायद्यानेही त्यांना तसे विचारले नाही.

बाबासाहेबांचा बडोद्याचा अनुभव गावदेवीच्या संस्थेनंतर दोनच वर्षांचा, १९१७ चा. बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू व्हायला गेलेल्या, परदेशी शिकून आलेल्या माणसाला शहरात राहायला खोली मिळाली नाही. पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. काही दिवसांनी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढले. मित्रांनीही आसरा दिला नाही. सार्वजनिक बागेत बसून दिवस काढून ते मुंबईच्या गाडीत बसले. आम्ही ही कथा अपमानाची कथा म्हणून सांगतो. मी ती हल्ली घराच्या कायद्याची कथा म्हणून शिकवतो. नोकरी देण्याचा अधिकार राजाला होता, राहू देण्याचा अधिकार मात्र शेजाऱ्यांच्या हातात होता. शेजाऱ्यांच्या या अधिकाराला पुढे नोंदणी क्रमांक मिळाला, उपविधी मिळाले, शिक्का मिळाला.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणे परवडेना. मग बांधणाऱ्यांनी वेगळी युक्ती काढली. इमारतीतली एकेक जागाच विकायची. ‘ओनरशिप ब्लॉक’ हा शब्द तेव्हापासून मराठीत रुळला. पैसे आगाऊ घ्यायचे, एकच ब्लॉक दोघांना विकायचा, नकाशा बदलायचा, जमीन स्वतःच्या नावावर ठेवायची, असे प्रकार इतके बोकाळले की सरकारने १९६० साली चौकशी समिती नेमली आणि १९६३ साली महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा केला. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरने किमतीच्या वीस टक्क्यांहून अधिक रक्कम घ्यायची नाही, मंजूर नकाशे दाखवायचे, ठराविक संख्येने फ्लॅट विकले गेले की खरेदीदारांची संस्था स्थापन करून द्यायची, आणि जमीन-इमारतीचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे करायचे. कायदा चांगला होता. पण शेवटचे कलम बिल्डरांनी पाळलेच नाही. पंचेचाळीस वर्षांनी, २००८ मध्ये, सरकारला ‘मानीव अभिहस्तांतरण’ आणावे लागले, म्हणजे बिल्डर देत नसेल तर सक्षम अधिकाऱ्याने ते करून द्यायचे. आजही असंख्य संस्थांचे सभासद स्वतःला मालक म्हणवतात आणि पायाखालची जमीन मात्र दुसऱ्याच्या नावावर असते. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका संस्थेच्या दाव्यात सांगितले की इमारतीखालची खांबांमधली वाहनांची जागा हा फ्लॅट नव्हे, ती बिल्डरला वेगळी विकता येत नाही. तोपर्यंत तीही विकून झाली होती.

मालकी या शब्दाचा इथे थोडा उलगडा केला पाहिजे, कारण आमचे पुष्कळ मित्र त्यात फसतात. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखालच्या सोसायटीत जमीन आणि इमारत संस्थेची असते. सभासदाकडे पन्नास-पन्नास रुपयांचे शेअर असतात आणि त्यांच्या जोरावर आपल्या फ्लॅटमध्ये राहण्याचा, तो विकण्याचा, वारसाला देण्याचा हक्क असतो. १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याची रीत निराळी. तिथे फ्लॅट हा सरळ तुमचा, आणि जिना, गच्ची, पाया, टाकी, आवार यांत तुमचा अविभक्त हिस्सा. हा हिस्सा फ्लॅटपासून तोडून विकता येत नाही. या कायद्याची भाषा अमेरिकेतल्या तत्कालीन कायद्यांशी इतकी जुळते की त्याचे मूळ लपत नाही. फरक मताचा आहे. सोसायटीत एका सभासदाला एक मत, फ्लॅट केवढाही असो. अपार्टमेंटमध्ये मताचे वजन हिश्शाच्या टक्क्यावर. ज्याचा फ्लॅट मोठा त्याचे मत मोठे. घटना समितीत बाबासाहेबांनी राजकीय समता आणि आर्थिक विषमता यांच्या विसंगतीचा जो इशारा दिला, तो मला या दोन कायद्यांकडे पाहताना दर वेळी आठवतो. माझ्या ओळखीच्यांना मी सांगतो, फ्लॅट घेण्यापूर्वी आधी विचारा, सोसायटी आहे की अपार्टमेंट. ते टाइल्स विचारतात.

जबाबदारीच्या बाबतीत मात्र दोन्ही कायदे सारखेच कडक आहेत. आपण सामाईक जागा वापरत नाही म्हणून खर्चाचा वाटा देणार नाही असे कुणाला म्हणता येत नाही. तळमजल्यावरच्यालाही लिफ्टचा खर्च द्यावा लागतो. सोसायटीत सेवाशुल्क सर्व फ्लॅटना समान, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का, सिंकिंग फंड किमान पाव टक्का. थकबाकीवर व्याज, कमाल दरसाल एकवीस टक्के. फ्लॅट भाड्याने दिला तर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक बिनभोगवटा शुल्क संस्थेला घेता येत नाही. हस्तांतरणाचे अधिमूल्य जास्तीत जास्त पंचवीस हजार. हे आकडे पाठ असावेत. कमिटीतल्या लोकांना ते पाठ असतात, नव्या सभासदाला नसतात, आणि त्याच फटीतून पैसे जातात.

पण मुख्य फट प्रवेशाची आहे.

१९६० च्या कायद्यात खुल्या सभासदत्वाचे तत्त्व आहे. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय नाकारता येत नाही, तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर तो सभासद मानला जातो, आणि नकार आला तर निबंधकाकडे अपील आहे. कागदावर सारे ठीक. अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, २००५ साली, सर्वोच्च न्यायालयाने मात्र सभासदत्व पारशांपुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. निबंधक आणि गुजरात उच्च न्यायालय संस्थेच्या विरुद्ध गेले होते, तो निकाल फिरला. मूलभूत हक्क राज्यसंस्थेविरुद्ध आहेत, उपविधी हा सभासदांमधला करार आहे, आणि संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य त्यांनाही आहे, असा युक्तिवाद मान्य झाला. पारशी समाज छोटा आहे, त्यांची भीती मी समजू शकतो, आणि मला त्यांच्याशी भांडायचे नाही. माझे भांडण त्या निकालाचा आडोसा घेणाऱ्यांशी आहे. जे अल्पसंख्याकाला दिले ते बहुसंख्याकाने उचलले.

या ठिकाणी अमेरिकेतल्या काळ्यांचा एक लढा आठवावा. आमच्या पँथरने नाव तिकडून घेतले तेव्हा हा संदर्भ परका नाही. सेंट लुईस शहरात एका गल्लीतल्या गोऱ्या घरमालकांनी १९११ साली करार केला होता की पन्नास वर्षे काळ्यांना घर विकायचे नाही. शेली नावाच्या काळ्या कुटुंबाने १९४५ साली तिथे घर घेतले. शेजारी न्यायालयात गेले. १९४८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खाजगी माणसांनी असा करार खुशाल करावा, पण तो अंमलात आणण्यासाठी न्यायालयाने आपली सत्ता वापरली तर ते राज्यसंस्थेचेच कृत्य होईल, आणि समतेच्या घटनात्मक हमीचा भंग होईल. आमच्या २००५ च्या निकालाशेजारी हा निकाल ठेवून वाचावा. सहकारी संस्था तर निबंधक नोंदवतो, उपविधी निबंधक मंजूर करतो. राज्यसंस्थेचा हात तिथे सेंट लुईसपेक्षा अधिक स्पष्ट दिसतो.

आपल्या घटनेच्या कलम १५ मध्ये दुकान, हॉटेल, विहीर, तलाव, घाट, रस्ता यांची नावे आहेत. घराचे नाव नाही. पण १९५५ च्या अस्पृश्यता कायद्यात, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, कोणत्याही वस्तीत घर बांधणे, मिळवणे वा त्यात राहणे यात अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा आहे. हे कलम माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणालाच माहीत नसते. सोसायट्यांना ते माहीत असावे असे वाटते, कारण अस्पृश्यतेचे कारण आता कुणी सांगतच नाही. मला एका संस्थेच्या सचिवाने आधी आडनाव विचारले, मग मूळ गाव, मग मान हलवून म्हणाले, “तुमच्याकडे मटण-मच्छी चालत असेल ना, सर? आमच्याकडे जरा तसं वातावरण नाही.” विकणाऱ्याने चार दिवसांनी इसाऱ्याचे पैसे परत आणून दिले. तीन महिन्यांचा नियम मी नंतर वाचला.

अखेर कल्याणच्या पुढे, अठ्ठावीस फ्लॅटच्या एका इमारतीत घर मिळाले. वर्षभराने कमिटीची निवडणूक आली. उपविधीनुसार कमिटीत एक जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव असते. ती कायम रिकामी होती. अध्यक्ष घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, “सर, ती जागा तुम्हीच घ्या, नाहीतर भरतच नाही.” राखीव जागेवरून आत गेलो आणि सहा महिन्यांत सचिव झालो, कारण ते काम दुसऱ्या कुणाला नको होते.

मग मैल्याची टाकी भरली. आवारात पाणी आले. ठेकेदाराने दोन दर दिले. गाडी आणि यंत्राने केले तर साडेनऊ हजार. “माणसं उतरवून” केले तर साडेचार हजार. फरक पाच हजारांचा, दर फ्लॅटमागे १७८ रुपये ५७ पैसे. सभेत बहुतेकांनी दुसऱ्या दराला हात वर केले. वर केलेल्या हातांत तिसऱ्या मजल्यावरचा माझा धम्मबंधूही होता. खाली बसताना तो मला हळूच म्हणाला, “हप्ते आहेत रे, सर.” आणि मी सांगतो ते खरे सांगतो, क्षणभर माझ्याही मनात आले की सचिवाने बहुमताचा ठराव लिहून घ्यावा आणि गप्प बसावे. एका सभासदाला एक मत, हेच तर मी वर्गात शिकवतो.

मी ठराव लिहून घेतला नाही. २०१३ च्या कायद्याने मैल्याच्या टाकीत माणसाला संरक्षणाशिवाय उतरवणे बंद आहे, पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे वाचून दाखवले. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतल्या एका गृहनिर्माण संस्थेची टाकी साफ करताना तीन कामगार मेले, त्यांच्या विधवांना उच्च न्यायालयात जावे लागले, आणि २०२१ साली प्रत्येकी दहा लाखांच्या भरपाईचा आदेश झाला, हे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली, हेही सांगितले. टाकी ही सामाईक मालमत्ता आहे. जिन्यात, गच्चीत आपला वाटा मागतो तसा टाकीतल्या मरणातही तो येतो, आणि ठरावावर पहिली सही माझी असेल. दंडाचा आकडा ऐकल्यावर हात खाली आले. कायद्याच्या भीतीने आले, समतेच्या जाणिवेने आले नाहीत, हे मला ठाऊक आहे. तळमजल्यावरचे एक सभासद वाढीव वर्गणी द्यायला तयार नव्हते. त्यांना नोटीस मीच दिली.

भावाला यातले काही सांगितले नव्हते. रविवारी तो सहज आला होता, आणि गाडीही त्याच दिवशी आली. नळी टाकून यंत्र सुरू झाले. अर्ध्या तासाने गाडीबरोबरच्या पोराने चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि झाकणाच्या कडेला बसून पाय आत सोडले. मी ओरडलो. तो मुकाट्याने वर आला आणि म्हणाला, “साहेब, तळाचा गाळ मशीन ओढत नाही. दोन मिनिटांचं काम आहे.” भावाने त्याला बाजूला घेतले, नाव विचारले, गाव विचारले. मग मला म्हणाला, “पाणी सोडून पातळ करायला लाव आणि दुसरी गाडी बोलाव.”

दुसऱ्या गाडीचे बिल बत्तीसशे झाले. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर ते तिसऱ्या क्रमांकाला आहे.